खोलल्याशिवाय

गल्ली नंबर सहात, भांड्यांच्या दुकानावर
आमचा स्टुडिओ.
खाली पातेल्याला ठोका बसला
की वर माइकमध्ये घण्ण होतं,
म्हणून आम्ही जरा मोठ्यानंच बोलतो.

मी तज्ज्ञ.
जिल्ह्याकडून सात सामने, अकरा बळी,
एवढ्यावर कोट मिळाला. कोट चॅनलचा,
मागून चिमटे लावलेला.
खाली घरचीच पँट, ती दिसत नाही.

काल दुपारच्या सामन्यात
शिरपूरकडच्या पावराच्या पोरानं झेल सोडला.
शेवटचं षटक, सरळ हातात आलेला.
निनाद म्हणाला, सर, तीस सेकंदांत, का सुटला?
पडद्यावर पुन्हा तेच, पुन्हा, हळू:
चेंडू तळव्याला लागतो, उडतो,
पोरगा गवतावर गुडघे टेकतो.
नऊ वेळा दाखवलं.
नऊही वेळा मला तेवढंच दिसलं, चेंडू सुटला.

पण गप्प बसणाऱ्याला दुसऱ्यांदा कोण बोलावतं?
दडपण, म्हणालो. मानसिकता, म्हणालो.
तरी सात सेकंद उरले,
ते भरायला म्हणालो,
मोठ्या मैदानाची अशा पोरांना सवय नसते.
निनादनं मान डोलावली, नेमकं बोललात सर.
मग जाहिरात, ठिबकच्या नळ्यांची.

सकाळी घरची मोटर बंद पडली.
स्कूटरवर घालून नेली पारोळा रोडला, धुडकू मिस्तरीकडे.
त्यानं शाफ्ट हातानं फिरवून पाहिला, अडकत होता.
नाक जवळ नेऊन हुंगलं.
मी म्हटलं, वाइंडिंग जळलं असणार.
तो म्हणाला, 'खोलाबिगर कसं सांगू?'

चाळीस वर्षं मोटारी भरतोय हा माणूस.
तारेनं बोटं इतकी गुळगुळीत झालीत
की रेशनच्या मशीनला त्याचा अंगठा ओळखू येत नाही.

एकेक बोल्ट काढून थाळीत टाकताना
माझ्याकडे न बघता म्हणाला,
'रातले देखं तुले टीव्हीवर.'
बोल्ट.
'अशा पोरेस्ले म्हणे सवय नही.'
बोल्ट.
'अशा म्हंजे कशा रे भो?'

मी थाळीकडे बघत राहिलो.
आमच्या मैदानाशेजारी जिनिंगच्या शेडवर
त्या वर्षी नवे पत्रे टाकले होते.
साडेचारला उन्हाचा एक तुकडा तिथून उडून
बरोबर लाँग ऑनच्या डोळ्यांत यायचा.
तिथे माझ्या हातून एक झेल सुटला.
पेपरात आलं, ढिसाळ क्षेत्ररक्षण.
पत्र्यांबद्दल कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही कुणाला,
फक्त पुढच्या सामन्यात
तिथे दुसऱ्याला उभं केलं.

मोटर उघडली.
तांबं लखलखीत, वाइंडिंगला काही झालेलं नाही.
मागच्या पंख्यात कुंभारीण माशीनं
मातीचं घर बांधलं होतं, छान, गोल, पात्याला चिकटवून.
मिस्तरीनं ते पेचकसानं अलगद सोडवलं,
फळीवर ठेवलं, बाकीच्या घरांच्या शेजारी.
चार-पाच तरी होती तिथे.

चारला निनादचा फोन, सर, आजही सातला, विषय तोच.
मी विचारलं, त्या मैदानाच्या पश्चिमेला काय आहे रे?
काय?
पश्चिमेला. शेड, पाण्याची टाकी, काही?
सर, ते कशाला लागतं, तो म्हणाला,
कोट इस्त्री करून ठेवलाय.