चांदण्यातलं बिऱ्हाड

आमच्या गल्लीत निघून जायला
निदान नऊ शब्द होते.
राहायला एकच.

हलच्या गोदीमागे, जिथे धुतलेल्या चादरींनाही
हॅडक मासळीचा वास सुटत नसे,
‘लेग इट’ हे पोरांचं:
मिसेस थॅकरेच्या खिडकीची काच फुटली
की पायांत वारं शिरायचं.
‘स्कार्पर’ हे बाप्यांचं,
शिट्टी ऐकून, पत्ते पालथे टाकून.
‘फ्रेंच लीव्ह’ फक्त मास्तर म्हणत.
(फ्रेंच लोक त्याच पोबाऱ्याला
इंग्रजांचं नाव देतात म्हणे.
असो. शेजारी कशाला तरी उपयोगी पडतोच.)

‘मूनलाइट फ्लिट’ मात्र घरातला शब्द.
आई तो ओठ न हलवता उच्चारायची,
गुरुवारी. भाडं न्यायला प्रॉक्टर शुक्रवारी येई.

नावात चांदणं,
पण बाप अमावास्या बघून ठेवायचा.
कोळसेवाल्याची हातगाडी, चाकांना गोणपाट.
घड्याळाचा लंबक काढून खिशात.
कॅनरीच्या पिंजऱ्यावर आईचा काळा परकर,
पत्र्याच्या टबात भांड्यांवर झोपलेला सिरिल,
आणि माझ्या हातात, का कोण जाणे,
दाराची मूठ. ती आमची होती, बाप म्हणाला.

सगळं गाडीवर चढल्यावर
आई परत आत गेली.
गुडघे टेकून तिने उंबरठा
दगडाने घासून पांढरा केला, कडेकडेने,
बुडवलेल्या सात आठवड्यांच्या घराचा उंबरठा.
बाप दातांखाली पुटपुटत होता, विनी, विनी.
समोर मिसेस थॅकरेचा पडदा हलला
आणि तिने स्वतःहून दिवा मालवला.

असे पाच उंबरठे मला आठवतात.

सहाव्या घरातून बाप एकटाच गेला,
मंगळवारी, भर दुपारी, टोपी घालून, तंबाखू आणायला.
हातगाडी लागली नाही. चाकं बांधावी लागली नाहीत.
गल्लीकडे त्यालाही शब्द होते,
आम्ही दुकानात शिरलो की ते थांबत.
आई म्हणायची, कामावर गेलाय.
चाळीस वर्षं कामावर.
भाडं मात्र मग कधी चुकलं नाही.

परवा पहाटे नर्सने फोनवर सांगितलं,
‘स्लिप्ड अवे’. निसटल्या. चारच्या सुमाराला.
हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल.

मी पोचले तेव्हा खिडकी उघडी होती.
पलंगाशेजारच्या टेबलावर
चहाचा कप धुऊन पालथा घातलेला,
खाली घडी केलेला रुमाल, थेंब पडू नये म्हणून.
कुणी धुतला, विचारलं.
नर्स म्हणाली, आमच्यापैकी कुणी नाही.