शेरा

आबांनी दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा
बिब्ब्याची खूण कॉलरला कुठं करायची ते दाखवलं
आणि वहीतला शेवटचा रकाना : शेरा.
म्हणाले, तिथं 'घाण' लिहू नकोस कधी.
घाण म्हटल्यावर सोडा किती टाकायचा ते कळत नाही.

म्हणून चौगुल्यांच्या हणमाची पँट : कळकट.
उद्यमनगरातली काजळी धाग्याच्या पोटात बसते,
तीन धुण्यांनी जात नाही, दमते फक्त.
दस्तगीर मिस्त्रीचा शर्ट : ओशट.
तो धरला की आपणही थोडे दस्तगीर होतो.
शाळेच्या कॉलरी नुसत्या मळक्या;
मळ म्हणजे कुणीतरी दिवसभर आत होतं, एवढंच.
पुराच्या साली
दीडशे नगांना एकच रंग आला,
तेव्हा शेरा लिहायला वहीच उरली नव्हती.

संध्याकाळी शाहूपुरीत इंग्रजीच्या क्लासला बसते.
सरांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं :
डर्टी, ग्राइमी, मेसी, शॅबी, फिल्दी.
म्हणाले, अर्थ एकच, घाणेरडा. पाठ करून या.

मी उठले.
सर, एकच कसा?
ग्राइमी म्हणजे आमचा हणमा झाला.
मेसीला तर पाणीसुद्धा लागत नाही,
घडी घातली की मिटलं.
आणि शॅबी म्हणजे विटलेलं, झिजलेलं, व्हय ना?
मग ते घाण कसं?
सगळ्यात जास्त वेळा धुतलेलं तेच की ओ.

वर्ग हसला.
सर आपली बाही बघत राहिले.
कधीतरी निळी असावी. इस्त्री मात्र सुरीसारखी.
मग विचारलं, आणि फिल्दी?
नाही सांगता येत, म्हटलं.

येत होतं.
दर मंगळवारी एक पांढरा सफारी येतो,
डाग शोधून सापडत नाही.
त्याचा मालक सुट्टे पैसे हातावर ठेवत नाही,
सोडतो,
चार बोटं वरून.
त्याच्या नावापुढं सात वर्षं
शेरा कोराच आहे.

काल सरांचा शर्ट आला, पोराच्या हाती पाठवलेला.
'विटका' लिहिलं. खोडलं.
'जुना' लिहिलं, तेही खोडलं.
रकाना अरुंद, शाई पसरलेली,
उरल्या जागेत कसंबसं बसवलं :
भट्टीत टाकू नये. हातानं.