उसनवार

पहिल्या वर्षी वेळापत्रक मी घड्याळावर लावलं.
मंगळवार, सकाळी दहा, केंतावेचा धक्का.
दहाला पोचलो तर समुद्र तिथून निघून गेलेला.
पुढे नुसता चिखल, आणि चिखलात वाकलेली माणसं
शिंपल्या उकरत होती.
पान उलटायला कोरडं बोट लागतं.
ओहोटीला इथे कुणाचंच बोट कोरडं नसतं.
नोल्बेर्तोनं इंजिन बंद केलं, बोलला काहीच नाही.
तो चिलोएचा. मी सांतियागोहून आलेली.

पुढच्या वर्षी पाटी बदलली:
भरती आली की ग्रंथालय येईल.
कधी पहाटे, कधी दिवेलागणीला.

नावेत अकराशे पुस्तकं. कपाटांना आडव्या दोऱ्या,
नाहीतर एका लाटेत
सगळा इतिहास स्वयंपाकात जाऊन पडतो.

दंड होता तेव्हा. दिवसाला पन्नास पेसो.
क्लोरिंदा मान्सियानं मेंढ्यांच्या रोगांवरचं पुस्तक नेलं
आणि नंतर ती दिसलीच नाही.
शेजारचा पोरगा म्हणाला,
तुमचा भोंगा वाजला की ती टेकडी चढते,
नाव गेली की उतरते.
चौदा महिने.
मी हिशेब मांडला: एकवीस हजार.
मग हिशेबाकडेच बघत बसले.
पुस्तक एक, आणि त्यापायी
आख्खा वाचक बुडाला होता.

वरच्या कचेरीला न विचारता नियमावर काट मारली,
आणि टेकडी चढले.
तिनं दार अर्धंच उघडलं.
पुस्तक होडीतून पाण्यात पडलं होतं.
चुलीवर धरून पान पान वाळवलेलं,
फुगून दुप्पट, मिठानं पांढरं,
खूर सडण्याचं प्रकरण तेवढं वाचता येत होतं.
'तेवढंच लागलं मला,' ती म्हणाली,
आणि आतून पिशवी घेऊन आली.
काळे, वाकडे, म्हाताऱ्या बोटांसारखे बटाटे.
'हे बी आता कुणाकडे उरलं नाही. पुस्तकाच्या बदली घ्या.'

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
नोल्बेर्तोनं पिशवी घेतलीसुद्धा.

कार्डांच्या रिकाम्या खणात ठेवले.
इंजिनाच्या उबेनं पंधरवड्यात कोंब आले.
मग काय, कार्ड केलं. शिक्का मारला.
न्या, लावा, काढणीला नेले तेवढे परत करा.
चार घरांत तीन तीन गेले.
मार्चमध्ये चारही घरांतून आले, कुणी दोन जास्तच घातले,
एकानं मातीसकट.

कचेरीचा तक्ता दर तिमाहीला येतो.
वाचक किती, देवघेव किती, गहाळ किती.
आबेलार्दो पेन्शनचं पत्र वाचून घ्यायला चढतो
आणि पुढची दोन बेटं उतरतच नाही,
त्याला रकाना नाही.
रोसाल्बाची मुलगी शरीररचनेचं एकच पुस्तक
सातव्यांदा नेते, ती मोजायची
एक की सात?
बटाटे मी 'इतर' मध्ये लिहिले. संख्या बारा.

फोन आला. इतर म्हणजे काय?
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ कुणी श्वास घेत होतं.

शेवटी साहेब स्वतःच आले, इस्त्रीच्या पँटीत.
दुसऱ्या बेटापर्यंत कठड्याला धरून ओकत होते.
तिसऱ्या बेटावर क्लोरिंदानं त्यांना गरम पाणी दिलं,
कपाटापाशी नेलं,
कोणतं पुस्तक कुठे ते दाखवलं,
जणू नाव तिचीच.
जाताना त्यांनी तीन बटाटे मागितले.
अंगणात थोडी जागा आहे, म्हणाले.
मी कार्ड पुढे केलं, त्यांनी सही केली,
पूर्ण नावानं, हुद्द्यासकट.

मार्च उलटून गेला. एप्रिलही.
अजून आले नाहीत.

दंड नाही, साहेब.
फक्त, भोंगा ऐकू आला
तर टेकडी चढू नका.