चार तास

शिबिराच्या वहीत रकाना होता: सेवा, तास.
निपाणीच्या त्या बोळात तंबाखूच्या खकाण्याने
पहिला अर्धा तास मी नुसता शिंकलो.

निंगव्वा विड्या वळत होती, सुपाकडे न बघता.
पेन्शनचा फॉर्म कानडीत,
आणि मी मराठी शाळेतला,
पाट्यांना डांबर फासलेल्या काकांचा पुतण्या.
'हेसरू' म्हणजे नाव, एवढं कळलं. पुढे अडलो.

तिला वाचता येईना, मला लिहिता.
मग शेजारची सावक्का आली, चौथीतली,
माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली,
"असं न्हवं दादा. पोट गोल काढ की."
काढलं. खोडलं. पुन्हा काढलं.
एका पानाला दुपार गेली.

निंगव्वाने अंगठा टेकवला,
शाई पुसायला माझा रुमाल घेतला.
"च्या पिऊन जा, तम्मा," ती मराठीत म्हणाली,
माझ्या तोंडून आपसूक गेलं, "हूं री."

सरांनी सही केली: चार तास.
कुणाच्या नावावर, ते विचारायचं राहिलं.

रात्री जेवताना काका म्हणाले,
"काय शिकवून आलास त्यांना?"
मी ताटाच्या कडेला
आमटीच्या बोटाने
एक गोल पोट काढत होतो.