आधी लहान जाळ

आई म्हणायची, घरात कारागीर आला
की किती दिवस लागतील हे विचारायचं नाही,
तो वाकलेला असताना डोक्यावर उभं राहायचं नाही.
आणि कॉफीचं तर विचारायचंच नाही,
ठेवायची.

ठेवली. दहाला.
रैवो हात पुसून बाहेर गेला,
आपल्या गाडीत बसला, दार ओढून घेतलं.
उणे अठरा. काचेवर त्याचाच श्वास गोठत चाललेला.
आत माझा वेलदोड्याचा पाव, दोन बश्या,
आणि घराच्या मधोमध फोडलेली भट्टी,
पोट उघडं टाकलेल्या जनावरासारखी.

दुसऱ्या दिवशीही तेच.
माझं काय चुकलं, म्हणून मनातल्या मनात
उंबऱ्यापासून सगळं झाडून पाहिलं.

खाडीपलीकडचा माणूस, पार्नूचा.
बारा वर्षं इकडच्या घरांत विटा रचतोय.
कुणी कागदी पेला दारातच हातात दिला असेल,
कुणी बोट दाखवलं असेल अंगणातल्या संडासाकडे,
कुणी तो गेल्यावर चमचे मोजले असतील.
त्यानं हे सांगितलं नाही. त्याच्या थर्मासनं सांगितलं:
बुडाला पोचे, मूठ तारेनं बांधलेली.
दुसऱ्याच्या कपाची आशा सोडल्याशिवाय
कुणी थर्मासला एवढं जपत नाही.

तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याचे बूट घातले
(तो गेल्यापासून ते दाराशीच आहेत),
पाव रुमालात बांधला
आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.
येऊ का आत?

काय धांदल उडाली त्याची!
करणी, ओळंबा, पावत्यांचा गठ्ठा
सगळं मागं लोटलं, हातमोज्यानं सीट झटकली,
साखर नाही हो, म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण, घरातला एकुलता एक पेला,
माझ्यापुढे धरलं. स्वतः बाटलीला तोंड लावलं.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची मी, माझ्याच अंगणात पाहुणी.
गुडघे जुळवून बसले.
कॉफी भयंकर होती. आणखी घेतली.

चौथ्या दिवशी दहाला तो दारात बूट काढत होता.
मोज्यातून अंगठा बाहेर.
मी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.
तळ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, बर्फ होता,
तरी बराच वेळ पाहिलं.

काय घालू कॉफीत?
म्हणाला, पीम.
आमच्याकडे पीमा म्हणजे ताक.
म्हटलं, ज्याची त्याची आवड,
पाहुण्याला का म्हणून विचारू नये.
ओतलं, सढळ हातानं.
कॉफी फाटली. दोघांनीही पाहिली.
तो प्यायला, तळाच्या गुठळीसकट,
मिशी पुसून म्हणाला, छान.

नऊ दिवस प्यायला.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, नाव कुठे कोरलंस?
म्हणाला, आत, धुराच्या वाटेवर.
कुणाला दिसायचं नाही. काजळी धरेल.
मग बूट घालता घालता, जरा कडक आवाजात:
पहिला आठवडा लहान जाळ. दोन-चार काटक्या, बस.
ओल आत असते. घाई केलीत तर तडकेल.

मी काटक्या मोजून घातल्या.
तळहात विटेवर ठेवून बसायचे संध्याकाळी,
कोमट, मग जरा जास्त कोमट.

मार्चमध्ये हिल्क्काची सून आली, तीही तिकडचीच.
तिला हौसेनं सांगितलं तुमच्या लोकांच्या ताकाच्या कॉफीचं.
ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.
पीम म्हणजे दूध, आजी. साधं दूध.

रात्रभर झोप नाही.
सकाळी फोन लावला.
पलीकडे करणीचा आवाज, कुणाच्या तरी घरात.
भट्टी तडकली का? त्यानं घाबरून विचारलं.
नाही.
मग धूर मागं येतो?
नाही रे.
मग?

दूध आणून ठेवलंय, म्हटलं.