आईच्या बीपीची तबकडी

व्होल्वो एकोणनव्वदची. चौकोनी, न वापरलेल्या साबणासारखी.
मामाकडून आईकडे आली, आईकडून हेल्वीकडे.
गंज मात्र कुणी कुणाला दिला नव्हता, तो आपणच आला.
चढावर ओंडक्यांचा ट्रकसुद्धा पुढे निघून जायचा
आणि हेल्वी, जी शाळेची बस
दिवसभर पन्नासच्या वर नेत नाही,
दात आवळून बसायची.

हिशेब तिनं दुधाच्या खोक्यावर मांडला.
दोनशे युरो. वर एक सेंट नाही.
टर्बो ईसाल्मीच्या भंगारातून,
उलटलेल्या एका साबच्या पोटातला: चाळीस युरो
आणि पिशवीभर धुरावलेले मासे.
मासे आईचे होते. तिला विचारलं नव्हतं.
कूलर कुठल्याशा ऑडीचा, एका कोपऱ्यात चेपलेला.
बाकी नळ्या, वाकडे तुकडे, वेल्डिंगचे डाग,
आणि तीन आठवडे टॉर्च धरून मी.
इकडे नाही रे, तिकडे.

हे करतं तरी काय, मी विचारलं.
गाडीखालून फक्त तिचे बूट दिसत होते, ते बोलल्यासारखे बोलले:
इंजिन धूर फेकून देतं ना,
त्या धुरानं एक चाक फिरतं,
त्याच दांड्यावर दुसरं चाक,
ते बाहेरची हवा कोंबतं इंजिनाच्या घशात.
फुंकणी आहे. चूल आपली आपल्याला फुंकते.
म्हणजे कोंड्याचा मांडा, मी म्हणालो.
मांडा नंतर. आधी तेराचा पाना दे.

तेलाच्या टाकीला भोक पाडायचं होतं त्या रात्री
ती बोललीच नाही.
ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं,
कीस चिकटून राहावा, आत सांडू नये म्हणून.
गॅरेजच्या खिडकीवर बर्फ चढत होता.
भोक पडलं. तिनं कपाळ पत्र्याला टेकवलं
आणि नाकानं हसली.

दाब मोजायचा काटा राहिला होता आणि पैसे संपले होते.
मग आईच्या बीपीच्या मशीनची तबकडी.
शून्य ते तीनशे. हेल्वी म्हणाली, पुरे,
तीनशेच्या पुढे तसंही इंजिन फुटेल.

चोरी दुसऱ्याच दिवशी उघडी पडली.
आईनं आरडाओरडा केला नाही, लोकरीचे मोजे चढवले
आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.
माझी वस्तू जिथे, तिथे मी.

उणे बावीस. गोठलेल्या तळ्यावरचा रस्ता.
भोकाशी गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी हलवली,
बाकी चहूकडे कुणी नाही.
हेल्वीनं पाय दाबला.
आधी काहीच नाही. मग पुढून कुठून तरी शीळ,
किटलीची असते तशी, पण किटली पळत सुटलेली.
नव्वद, मी वाचत होतो. एकशे वीस.
लग्नात माझं एवढं होतं, आई म्हणाली.
एकशे साठ. हे कालचं.
एकशे ऐंशी. इथे डॉक्टर चष्मा काढतो.
दोनशे चाळीसला ती गप्प झाली.
सीटनं आम्हा तिघांना पाठीमागून धरलं होतं,
काठावरची झाडं एकमेकांत मिसळत होती,
आणि मी तीनशे म्हणायला तोंड उघडलं

तेवढ्यात फाट्.
काळ्या धुराचा एक लोट, आणि गाडी
पुन्हा होती तेवढ्याच वयाची झाली.
घरंगळत थांबलो. इंजिन टिकटिकत होतं.
आता तिला गोळी द्या, मागून आवाज आला.

मी चाकांच्या खुणांवरून मागे चालत गेलो.
उडालेली नळी बर्फात पडली होती, भोवतीचं बर्फ जरासं ओलसर,
हातमोज्यातून तिची ऊब लागत होती.
क्लिप दोन युरोची. खोक्यावर लिहिलेली नव्हती.

मंगळवारी तबकडी काढून आईच्या मशीनला जोडली.
एकशे चौतीस.
तिनं काचेवर बोटानं टिचकी मारली,
पुन्हा फुगवलं, पुन्हा तेवढंच.
बिघडवलंत ना हे, ती म्हणाली,
आणि शनिवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.