एक वेढा कमी

नवतपा. दुपारचे अडीच. पाचपावलीच्या पुलाचा उतार.
मागे हेडाऊ माईकवर:
'ऐका हो ऐका, उद्या सकाळी
कमाल चौक, लष्करीबाग, इंदोरा या भागात पाणी—'
आणि माझ्या पायाखाली पॅडल मेलं.
पाय उचलला, तरी ते खालीच.
जीप बोंबलत सुटली.

सत्त्याहत्तरची जीप. तिचं कामच हळू चालणं.
बावीस वर्षं माणसाच्या चालीनं हाकली मी तिला,
माडीवरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही
शब्द न् शब्द पोचावा म्हणून.
त्या दिवशी वस्तीला ऐकू आलं फक्त 'पाणी'.
येणार की नाही, ते पुढच्या चौकात सांडलं.

चावी फिरवली, ब्रेकवर उभा राहिलो,
पंचफुलाबाईच्या इस्त्रीच्या ठेल्यापाशी थांबलो एकदाचे.
बॉनेटखाली, कार्बोरेटरच्या अंगाला
करंगळीएवढी स्प्रिंग लोंबत होती. आकडा तुटलेला.
हेडाऊ म्हणे, 'एवढ्याशा तारेपायी मरून ऱ्हायलो होतो का बे?'

शुक्रवार. जलीलमियाचं शटर चारशिवाय उघडत नाही.
सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली,
ती तापानं लोळून पडली.
मग पंचफुलाबाईनं इस्त्रीचं झाकण उघडलं,
निखारा पुढे केला.
'फक्त टोक तापव. सगळी तापवशीन तं जीव जाईन तिचा.'
(तिचा बाप लोहार, हे नंतर कळलं.)

लाल झालेलं शेवटचं वेटोळं
पकडीनं उलगडलं, वाकवलं,
नवा आकडा केला. जुन्यापेक्षा कुरूप.
चढवताना मनगट मॅनिफोल्डला चिकटलं,
चट्टा अजून आहे.

इंजिन बंदच ठेवून पॅडल दाबलं,
सोडलं. टक्.
परत दाबलं. टक्.
हेडाऊनं खाली वाकून स्वतःच्या हातानं दाबून पाहिलं,
पाच वेळा,
लहान पोरासारखं.

पैसे घेतले नाहीत बाईनं.
म्हणाली, 'ते राहू द्या. पाणी येईन का नाही, तेवढं सांगा.'

एका वेढ्यानं आखूड झालेली स्प्रिंग
आता जास्तच ओढते.
पोटरी भरून येते संध्याकाळपर्यंत,
पाय उचलायचा विचार केला की पॅडल आधीच वर.

जीप वळवली, पूल पुन्हा चढलो,
आणि पहिल्यापासून, सावकाश:
उद्या सकाळी पाणी येणार नाही.
बायका गच्चीवरून शिव्या देत होत्या,
पण वाक्य पूर्ण ऐकून.